चाकाचा कल

(द्वितीय वर्ष, कला)

‘कल’ हा शब्द आपल्याकडे फार राबवला जातो. मतमोजणीचे कल येतात, बाजाराचा कल पाहतात. दहावीच्या मुलांचा कल कुठे आहे हे शोधण्यासाठी राज्य मंडळाने २०१६ साली एक चाचणीही सुरू केली होती. माझा कल मोजण्याची मात्र कुणाला गरज वाटली नाही. वडिलांचे घाटकोपरला गॅरेज आहे, तेव्हा मुलगा पाना धरणार हे चाळीने परस्पर ठरवून टाकले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सकाळी तास आणि संध्याकाळी गॅरेज असे माझे दोन वर्ग चालतात. आज दुसऱ्या वर्गातला एक धडा सांगतो.

मोटारीच्या चाकालाही कल असतो. गॅरेजात त्याला कॅम्बर म्हणतात. मागे उभे राहून पाहिले तर चाक सरळ उभे दिसते, पण ते किंचित कललेले असते. वरची कड आत झुकली तर कल ऋण, बाहेर झुकली तर धन. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तिच्याबरोबर बाहेरचे चाकही कलते आणि टायर पूर्ण रुंदीने न टेकता कडेवर चालू लागतो. आधीच थोडा ऋण कल दिलेला असेल, तर वळणात ते चाक सरळ होऊन रस्ता घट्ट धरते. वेगवान गाड्यांना तो देतात तो यासाठी. पण अति झाला की टायर आतल्या कडेने झिजतो आणि सरळ रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी पडते.

वडील सातारा जिल्ह्यातून आठवी शिकून मुंबईला आले आणि टॅक्सीच्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागले. त्या वेळी टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिचा कारखानाही जवळच, कुर्ल्याला होता. तिला मागे एकसंध धुरा आणि कमानपाटे. मागच्या चाकाचा कल बदलायची सोय नाही, म्हणून काळजीही नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. वडिलांचा हात ज्या गाडीवर बसला, ती गेली. गॅरेज मात्र चालवायचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुलुंडहून एक गृहस्थ स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेऊन आले. आमच्याकडे अशी गाडी क्वचितच येते. हिचे मागचे प्रत्येक चाक चार-पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेले असते. स्प्रिंगा बदलून त्यांनी गाडी खाली बसवून घेतली होती. अशा रचनेत गाडी जितकी खाली बसते, तितकी चाकांची वरची कड आत जाते. मागचे दोन्ही टायर आतून इतके झिजले होते की तारा दिसायला लागल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ते नवेच वाटावेत.

गृहस्थ म्हणाले, “मिस्त्री, कल राहू द्या, फोटोत भारी दिसतो. टायर मी बदलत जाईन.”

वडिलांनी काढलेला टायर उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. “साहेब, खंडाळ्याच्या उतारावर हा फोटो कोण काढणार?”

आधी अलाइनमेंटच्या मशीनवर माप घेतले. डावीकडे उणे २ अंश ५० मिनिटे, उजवीकडे उणे ३ अंश १०. चाकांचा टो, म्हणजे समोरच्या दिशेशी असलेला तिरकेपणाही बिघडला होता. टायर आतून खाण्यात बरेचदा कॅम्बरपेक्षा टोचाच हात मोठा असतो, हे मला तेव्हा समजले. कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून टो नेहमी शेवटी लावायचा. कारखान्याने कॅम्बरसाठी दिलेला बोल्ट शेवटपर्यंत फिरवला, तरी कल दोन अंशांच्या खाली येईना.

सगळ्यात स्वस्त उपाय मूळ स्प्रिंगा परत बसवण्याचा. वडिलांनी तोच आधी सुचवला. कारखान्याच्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मनाई करते, हेही मी सांगितले. गृहस्थ ऐकेनात. मग कल मूळ मापाकडे नेणारा सुटा भाग निवडणे आले.

पर्याय तीन. पातळ तिरकस चकत्या मिळतात, पण त्या सलग बीमच्या गाड्यांना. इथे त्यांचे काम नाही. दुसरा, जादा फरक देणारा विकेंद्री बोल्ट. तो स्वस्त, पण खड्ड्यात आदळून सरकला तर लावलेला कल गेला. तिसरा, मधोमध आटे असलेली, लांबी कमीजास्त करता येणारी वरची दांडी. ती लांब केली की चाकाची वरची कड बाहेर येते. या गाडीत स्प्रिंग खालच्या दांडीवर बसते, म्हणून वरच्या दांडीवर तिचा थेट भार नाही. आम्ही तिसरा पर्याय धरला.

त्यातही दोन जाती. टोकाला लोखंडी गोळ्याचा सांधा असलेली दांडी शर्यतीत अचूक; पण आपल्या पावसाळ्यात त्या सांध्यात चिखलपाणी शिरते आणि तो खडखडतो. रबरी बुश थोडा लवचिक, पण रोजच्या रस्त्याला बरा. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर एकाने बिनछापाची जोडी दाखवली. तिच्यात आणि नावाजलेल्या जोडीत आमच्या गॅरेजच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढा फरक होता. गृहस्थांना स्वस्तातली हवी होती. वडील म्हणाले, “ती माझ्या हाताने बसणार नाही. दुसरीकडे बसवा, राग नाही.” ते निघून गेले. त्या महिन्यात दुसरे मोठे काम नव्हते आणि माझी परीक्षेची फी भरायची होती. घरी कुणी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी ते चांगली जोडी घेऊन आले.

खोक्यात इंग्रजी पत्रक होते. मी ते मोठ्याने वाचून मराठीत सांगू लागलो. रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर, गाडीचा भार सांध्यांवर आल्यावर आवळावेत, नाहीतर बुशाला कायमचा पीळ बसून तो लवकर फाटतो, असे त्यात होते. मी वर पाहिले, तर वडिलांनी बोल्ट आधीच सैल ठेवले होते. किती जोराने आवळायचे, तो आकडा मात्र त्यांनी मला दोनदा विचारला आणि टॉर्क पान्यावर तोच लावला. शेवटी दोन्ही बाजूंना उणे दीड अंश आला. मग टो लावला. पाऊस सुरू झाल्यावर गाडी तपासायला आली, तेव्हा नवे टायर सारखे झिजत होते.

आठवी शिकलेल्या माणसाला जे हाताने ठाऊक होते, ते पत्रकात छापलेले होते. आणि पत्रकात जो आकडा होता, तो हाताला ठाऊक असणे शक्य नव्हते. कॉलेज आणि गॅरेज यांपैकी एकच निवडावे लागणार, अशी धास्ती मला पहिल्या वर्षभर होती. ती आता बरीच ओसरली आहे.

सध्या मी अशी पत्रके मराठीत उतरवून एका वहीत ठेवतो. गॅरेजातली दोन पोरे ती वाचतात. ‘टॉर्क’ला चांगला मराठी शब्द शोधत मी एक संध्याकाळ घालवली. वडील म्हणाले, “टॉर्कच लिही. पोरांना तोच कळतो. आकडा तेवढा ठळक काढ.”