झाडावरच पिकणारं

आंबा पाडाला आला की उतरवायचा, आढीत घालायचा आणि घरभर वास सुटेपर्यंत थांबायचं. केळी, चिकू, सीताफळ, सगळ्यांचं असंच. जांभळाचं तसं नाही. कच्चं काढलं तर ते कच्चंच राहतं. फार तर सुरकुततं, गोड मात्र होत नाही. त्याला जे व्हायचं ते देठाला धरून असतानाच होतं. द्राक्षाचंही तेच. माझं आयुष्य या दोन फळांच्या आगेमागे गेलं, त्यामुळे फळ कधी काढायचं हा मला शेतीतला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. पेरणीला नक्षत्रं आहेत, फवारणीला वेळापत्रक आहे. तोडणीला फक्त डोळे, बोटं आणि जीभ.

वरकुट्याच्या शिवारात ओढ्याकाठी आमची जांभूळ होती. इंदापूर तालुका पावसाच्या बाबतीत कायमचा उपाशी. 1885 मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्यांच्या रानात पोचलं त्यांचा ऊस झाला; आमच्याकडे हिरवं काय ते ओढ्याच्या ओलीवर. एप्रिलपर्यंत झाड मोहरायचं, मृगाच्या आगेमागे फळ काळं व्हायला लागायचं, आणि तुकोबांची पालखी निमगाव केतकीवरून इंदापूरकडे निघेतो शेंड्यावरची शेवटची जांभळं उरलेली असायची, तीही पाखरांची.

जांभळाचा एक घोस हातात धरून बघा. त्यात हिरवं, गुलाबी, तांबूस आणि काळं अशी सगळ्या वयाची फळं खेटून बसलेली असतात. घोस तोडला की पोरंही गेली आणि थोरंही. म्हणून आजी घोसाला हात लावू द्यायची नाही, फळाला लावू द्यायची. काळं दिसलं म्हणजे पिकलं, हे तिला मान्य नव्हतं. काळं झाल्यावरही ते दोन-चार दिवस भरत राहतं. ती फळ उलटून देठाकडची बाजू बघायची; तिथं लालसर कडं उरलं असलं तर थांबायचं. मग अंगठ्यानं नुसतं ढकलायचं. "वढावं लागलं तर त्ये अजून झाडाचं हाय," म्हणायची. शेवटी एक खाऊन बघायचं. सालीखालचा गर बीपर्यंत जांभळा हवा. बीजवळ फिकट असला की घशाला तोठरा बसलाच.

झाडावर चढायला सक्त मनाई. जांभळाची फांदी दिसते दणकट आणि मोडते कचकन. खाली चौघांनी जुनं लुगडं ताणून धरायचं आणि आकडीनं फांदी हलकेच हलवायची. झोडपायची नाही. झोडपल्यावर कच्चंही पडतं, आणि लुगड्यात पडलेलं सगळं एकाच मोलाचं दिसायला लागतं. पालघरच्या बहाडोली गावात तर अख्ख्या झाडाभोवती बांबूची परांची बांधतात आणि फळ हातानं खुडतात. त्या जांभळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या परांच्या आठवल्या. मानांकनातला मोठा वाटा त्या मेहनतीचा आहे, असं मी मानतो.

पुढं थोरल्या भावानं द्राक्षबाग लावली आणि घरात रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आला. ऑक्टोबर छाटणीनंतर दिवस मोजायचे, मण्यात पाणी उतरलं की रोज बागेत फेरी. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवरचा आकडा वाचायचा. खायच्या द्राक्षाला 18 ब्रिक्सच्या आसपास तोडणी; वाइनच्या द्राक्षाला 22 ते 24 लागतात, कारण त्या साखरेचंच मद्य होतं. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, तेव्हा आमच्या पारावरही वाइनच्या वाणांची चर्चा रंगली. भाऊ खायच्या द्राक्षावरच राहिला. पण यंत्र कितीही नेमकं असलं तरी थेंब कुठल्या मण्याचा घ्यायचा हे माणसानंच ठरवायचं असतं. घडाच्या खांद्याचा मणी आधी गोड होतो, टोकाचा सगळ्यात शेवटी. व्यापाऱ्याला दाखवायला खांद्याचा मणी आणि स्वतःला कळायला टोकाचा, एवढं सगळ्या बागायतदारांना ठाऊक असतं.

नोकरीनं मला वसईला नेलं. तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळची वाइन घरीच व्हायची, द्राक्षाची आणि जांभळाचीही. आमच्या शेजारच्या मावशी जूनमध्ये जांभळं आणायच्या आणि दुपारभर ओट्यावर बसून निवडायच्या. पिकलेली हातानं कुस्करायची, बिया फुटू द्यायच्या नाहीत, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून चिनीमातीच्या बरणीत भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं. रोज लाकडी डावानं ढवळायचं, तीन आठवड्यांनी गाळायचं, मग नाताळपर्यंत विसरून जायचं. जांभळात वाइनच्या द्राक्षाच्या मानानं साखर बरीच कमी, म्हणून वरून घालावीच लागते. मी विचारलं होतं, साखर घालायचीच आहे तर थोडं कच्चं चालेल की. त्यांनी तांबूस कड्याचं एक जांभूळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि खा म्हणाल्या. तुरटपणा गाळण्यानं जात नाही, साखरेनं झाकला जात नाही. बरणीत तो सालीतून आणखी सुटत राहतो. देठाकडची बाजू बघायची खूण त्यांचीही तीच होती. वरकुट्यातली माझी आजी आणि वसईच्या या मावशी, दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

इंग्लंडात राहणारी भाची गेल्या सप्टेंबरमध्ये एल्डरबेरीची वाइन करायला निघाली. कुंपणाकडेच्या झुडपाचे फोटो तिनं पाठवले: बारीक काळ्या मण्यांचे छत्रीसारखे घोस, पिकले की भारानं खाली उलटणारे. तिकडं तर हिरवा मणी आणि देठ काढावेच लागतात, त्यांनी मळमळतं, उलट्या होतात. काट्यानं मणी सोडवतात म्हणाली. मी म्हटलं, आधी सगळ्यात आतला मणी बघ, बाहेरचे दाखवण्यापुरते असतात.

आता ओढ्याकाठी बहाडोलीच्या कलमांची लागवड आहे. पुतण्या बघतो. पुण्याचा व्यापारी लाल कड्याचं फळ मागतो, कारण पुरतं पिकलेलं जांभूळ दोन दिवसांच्या वर टिकत नाही. त्याचं गणित चूक नाही, पण त्या फळाला जांभूळ म्हणून खाणाऱ्या शहरातल्या पोरांबद्दल मला वाईट वाटतं. त्यांना तोठऱ्याचीच ओळख होते. पुतण्याला सांगितलंय, वरच्या ओळींचा माल पुण्याला जाऊ दे. ओढ्याकडच्या दोन ओळी सोडायच्या. मृगाच्या पावसानं फळ पाणचट होतं, तेव्हा उघडीप मिळून दोन-तीन कडक उन्हं पडली की त्या तोडायच्या आणि त्याच दिवशी इंदापूर, बारामतीत विकायच्या. भाव कमी मिळेल, असं तो म्हणतो. मिळू दे.