टॉवर फुल, नेट गुल

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या मोंढ्यात किंवा एखाद्या सेतू केंद्राबाहेरच्या रांगेत एक तक्रार हमखास कानावर येते : "टॉवर फुल हाय, पण नेट चालंना." शिकल्यासवरलेल्यांना हे अडाणीपणाचं बोलणं वाटतं. टॉवर फुल असेल तर नेट का चालणार नाही, फोनच जुना असेल, एकदा बंद करून चालू करा, असा सल्ला लगेच मिळतो. मोबाईलच्या रेडिओ नेटवर्कची आखणी आणि मोजणी हा माझा विषय. त्या विषयातला माणूस म्हणून मला ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध वाटते. टॉवर आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोलणाऱ्याच्या अनुभवाने बरोबर हेरलं आहे. फोन मात्र त्यातली एकच गोष्ट दाखवतो, तीही ओबडधोबड, आणि दुसरी झाकून ठेवतो. परिणाम असा की गावातल्या माणसाकडे तक्रार असते पण पुरावा नसतो, आणि बिनपुराव्याच्या तक्रारीला कंपनीचं कॉल सेंटर एका वाक्यात वाटेला लावतं.

फोनच्या कोपऱ्यातल्या त्या दांड्या मोजतात तरी काय? ४जीचा प्रत्येक टॉवर ठरावीक ताकदीचा एक संदर्भ सिग्नल अखंड पाठवत असतो. टॉवरवर एक माणूस असो की हजार, या सिग्नलची ताकद तीच राहते. वाटेतली झाडं, भिंती, पत्रे आणि अंतर यांतून तो किती क्षीण होऊन आपल्यापर्यंत पोचला, तेवढंच फोन मोजतो. हे माप डीबीएममध्ये असतं. उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे काम भागतं, उणे ११५च्या खाली ओढाताण. पट्टी लॉगॅरिदमची असल्यामुळे दहाचा फरक म्हणजे दहापट आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपट. एवढा मोठा पल्ला फोन चार-पाच दांड्यांत कोंबतो. बरं, कोणत्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या याचं सर्वमान्य प्रमाण जगात कुठंही नाही. ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. २०१० साली आयफोन ४ हातात नीट धरला की दांड्या ढासळतात अशी ओरड झाली, तेव्हा अ‍ॅपलने २ जुलैच्या पत्रात कबूलच केलं, की दांड्या काढायचं आमचं सूत्रच साफ चुकीचं होतं आणि कित्येक ठिकाणी दोन दांड्या जास्त दिसत होत्या. अँड्रॉइडच्या खुल्या आज्ञावलीत तर दूरसंचार कंपनीला एक दांडी वाढवून दाखवण्याची सोयच करून ठेवलेली आहे. ती कोण वापरतं हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मापात वाढवून दाखवायची सोय असलेला वजनकाटा मोंढ्यात कुणी ठेवू दिला असता का, एवढंच विचारतो.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे नेट. एका टॉवरला सहसा तीन बाजू असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. १० मेगाहर्ट्झचा ४जी पट्टा आणि दोन अँटेनांची साधी रचना असेल तर एका सेक्टरची कागदावरची कमाल क्षमता सेकंदाला ७५ मेगाबिट. (मेगाबिट, मेगाबाइट नव्हे, आठाने भागलं तर हाती जेमतेम नऊ मेगाबाइट येतात. जाहिरातीत नेहमी मोठा आकडा असतो तो यामुळेच.) हे ७५ त्या बाजूला असलेल्या सगळ्यांत मिळून. देशात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची किमान मर्यादा जानेवारी २०२३ मध्ये ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट करण्यात आली. त्या हिशेबाने अगदी कागदावरची क्षमता पूर्ण मिळाली तरी सदतीस माणसं एकाच वेळी नेट वापरू लागली की अडतिसाव्याच्या वाट्याला ब्रॉडबँड उरत नाही. प्रत्यक्षात क्षमता पूर्ण कधीच मिळत नाही, कारण दूरच्या मळ्यातल्या, क्षीण सिग्नलच्या फोनला तोच फोटो पाठवायला टॉवरचा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तो वेळ बाकीच्यांच्या वाट्यातून जातो. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं गावात उतरतात, प्रत्येकाच्या खिशात फोन. त्या दिवशीही दांड्या तेवढ्याच दिसतात, कारण संदर्भ सिग्नलला गर्दीशी काही देणंघेणं नाही. टॉवरपासून पुढे कंपनीच्या जाळ्यापर्यंत जाणारी वाटही दांड्यांत दिसत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि सगळी वाहतूक एखाद्या बारक्या मायक्रोवेव्ह दुव्यावर वळवली, तरी कोपऱ्यातल्या दांड्या जशाच्या तशा.

शेतकऱ्याला याचा खरा फटका बसतो तो पाठवताना. दांड्या सांगतात टॉवरचा आवाज आपल्याला किती येतो. आपला आवाज टॉवरला किती जातो हे त्या सांगत नाहीत. टॉवरचा ट्रान्समीटर वीस ते चाळीस वॅटचा, आणि फोनची मर्यादा एका वॅटचा पाचवा भाग. टॉवरवरचे संवेदनशील रिसीव्हर ही तफावत बरीच भरून काढतात, पण रेंजच्या कडेला आधी तुटतो तो फोनकडून टॉवरकडे जाणारा दुवाच. म्हणून बांधावर उभं राहून रील बघता येते आणि पिकाचा फोटो वर जात नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पिकाची नोंद फोनच्या अ‍ॅपवरून करायची ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही तांत्रिक बारीकी थेट सातबाऱ्याशी जोडली गेली. त्या अ‍ॅपमध्ये माहिती फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवायची सोय ठेवली, हे शहाणपणाचं होतं. सरकारी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी गावाचा विचार केल्याची अशी उदाहरणं थोडी आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवतो. तिथेही एक गैरसमज लोकांना छळतो. लोकेशन टॉवरवरून मिळतं अशी समजूत आहे. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटरवरून बोलतात आणि त्यांना मोबाईल नेटवर्क लागत नाही. फक्त उपग्रह आत्ता कुठं आहेत हा तपशील नेट असेल तर फोन क्षणात मागवून घेतो. नेट नसेल तर तो उपग्रहाकडूनच, सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या चालीने, ऐकावा लागतो. त्याला उघड्या आभाळाखाली अर्धं मिनिट, कधी दोन-चार मिनिटं लागतात. आंब्याच्या सावलीत उभं राहून चारदा अ‍ॅप बंद करणाऱ्याचा हिशेब दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. फोन हातात धरून मोकळ्यावर थांबावं, बस.

याउलट एक खूण गावातला प्रत्येक माणूस बिनचूक वाचतो. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशासमोर घड्याळ दिसलं म्हणजे तो अजून आपल्याच फोनमध्ये अडकलाय. एक बरोबरची खूण आली म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरपर्यंत पोचला. दोन आल्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर गेला. दोष कुठं आहे हे या तीन चिन्हांत जवळपास उलगडतं : माझ्या रेंजमध्ये, की समोरच्याचा फोन बंद आहे. आणि मध्येच संपर्क तुटला तर अ‍ॅप तो संदेश सांभाळून ठेवतं, रेंज आली की आपण होऊन पाठवतं. आता सेतू केंद्रातला अनुभव आठवा. पानभर माहिती भरून झाली, शेवटचं बटण दाबलं, गोल फिरत राहिलं आणि सगळं पुसून गेलं. खिडकीतून उत्तर येतं, "सर्व्हर डाऊन हाय." त्या दोन शब्दांत सेक्टरवरची गर्दी, तुटलेली फायबर, खरोखर कोलमडलेला सर्व्हर आणि वाईट लिहिलेलं अ‍ॅप ही सगळी पापं एकत्र पुरली जातात. सर्व्हर खरंच पडतात. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर अडखळलं होतं, तेव्हा जवळा बाजार आणि मुंबई एकाच रांगेत होते. पण रोजच्या अडचणींत तो दुर्मीळ प्रकार आहे. पैशाच्या बाबतीत तर ही ओळख पटणं फार गरजेचं. दुकानातला "इतके रुपये प्राप्त झाले" म्हणणारा डबा स्वतःच्या सिमवर चालतो. ग्राहकाचा फोन एका कंपनीचा, डब्याचं सिम दुसरीचं. पैसे खात्यात जमा होतात आणि डबा मुका राहतो, मग गिऱ्हाइकावर संशय येतो. दुकानदाराने डब्यापेक्षा खात्याच्या नोंदीवर विश्वास ठेवावा. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि दुकानात पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ५जी आलं, आता हे रडगाणं जुनं झालं. ५जीने एकूण क्षमता वाढते हे खरं, आणि मी ते नाकारत नाही. मात्र त्याचा मोठा वेग ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मिळतो आणि त्या लहरी लांब जात नाहीत, भिंतीपुढे हार मानतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी शिवारापर्यंत पोचतात, पण तो पट्टा अरुंद, त्यामुळे वेग बेताचा. शिवाय ४जीच्या आधारावर चालणाऱ्या ५जीत आणखी एक गंमत आहे. ज्या ४जी सेक्टरला ५जीची जोड देता येते, त्यावर फोन असला की ५जीचं चिन्ह दिसू शकतं, मग त्या क्षणी डेटा ५जीवरून येत असो वा नसो. दांड्यांच्या दिखाऊपणात अक्षरांची भर पडली, एवढंच.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो : सामान्य माणसाला डीबीएम कळणार कसं, चार दांड्या पुरे आहेत. हे कोणाबद्दल चाललंय? मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी ओलाव्याच्या एकेका टक्क्यावरून व्यापाऱ्याशी भांडतो. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची अट होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती १५ वर आणली, तेव्हा तो आकडा गावोगाव तोंडपाठ होता. आपल्या पैशाशी संबंध असलेला आकडा माणूस शिकतोच, शिकवावा लागत नाही. जवळा बाजारच्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटरच्या बाहूंत प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल ती टिपणार. जगातलं सर्वांत नाजूक मोजमाप ज्या तालुक्यात व्हायचं, तिथल्या माणसाला खिशातल्या फोनचा एक आकडा झेपणार नाही म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.

तिसरा आक्षेप साधा आहे आणि त्यात तथ्यही आहे : टॉवर वाढवा, आकड्यांनी काय होणार. टॉवर वाढायलाच हवेत. त्यांच्या किरणोत्साराच्या भीतीने विरोध करणाऱ्यांना मात्र एक उलट वाटणारी गोष्ट सांगतो : टॉवर जितका लांब, तितका कानाला लावलेला आपला फोन जास्त ताकदीने ओरडतो. आणि टॉवर कुठं वाढवायचे हे ठरवायला आकडेच लागतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपापल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवायला लावलं, ही चांगली गोष्ट झाली. पण व्याप्ती म्हणजे सिग्नल, म्हणजे पुन्हा दांड्याच. बाजाराच्या दिवशीचा वेग त्या नकाशात नसतो. त्याच नियमांत सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई आहे, पण त्याचं माप जिल्ह्याचं. जवळा बाजारचा टॉवर चार दिवस बसला आणि हिंगोलीत फोन खणखणत राहिले, तर या नियमाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. हे माप सेक्टरपर्यंत खाली आणलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपन्यांकडे प्रत्येक सेक्टरची तासातासाची नोंद असतेच. प्रश्न फक्त ती दाखवण्याचा आहे.

तोवर आपली नोंद आपण ठेवायची. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये फोनची माहिती, त्यात सिमची स्थिती उघडा. सिग्नलच्या ताकदीसमोर 'उणे ९७ डीबीएम, ४३ एएसयू' असं काहीतरी इंग्रजी अक्षरांत दिसेल. त्यातला पहिला आकडा घ्या. आकडा चांगला आणि नेट बंद असेल तर दोष गर्दीचा किंवा पुढच्या वाटेचा. आकडाच उणे ११५च्या खाली असेल तर टॉवर अपुरा. तारीख, वेळ, जागा, हा आकडा आणि पाठवण्याचा वेग, एवढं लिहून कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला एक रुपयाही लागत नाही. एकट्याने करण्यापेक्षा एकाच टॉवरखालच्या दहा-वीस जणांनी एकाच आठवड्यात असे अर्ज करावेत.