नवा गडी, जुनं टेन्शन!

फिलाडेल्फियातला हिवाळा म्हणजे दोन गोष्टी. बाहेर बर्फ पडतो आणि ईगल्सच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची खुर्ची रिकामी होते. अतिशयोक्ती वाटते? २०२३, २०२४, २०२५ आणि २०२६... चार सीझन, चार नवे गडी!

थांबा, पान उलटू नका. हे फुटबॉल मेस्सीचं नाही, हेल्मेटवाल्यांचं आहे. मी मूळची डोंबिवलीची, सहा वर्षं फिलाडेल्फियाजवळच्या एक्स्टनमध्ये. इथे सोमवारी ऑफिसात कुणी ‘वीकेंड कसा गेला?’ असं विचारत नाही. ‘मॅच बघितलीस ना?’ असंच विचारतात. म्हणून शिकले, आणि मग लागलंच की वेड!

तर हा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, लाडानं ‘ओसी’, मैदानात उतरत नाही. बॉल आपल्याकडे असताना पुढची चाल कोणती, हे ठरवणं त्याचं काम. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, त्यातून चाल सांगितली जाते. दोन चालींमध्ये घड्याळ ४० सेकंदांचं आणि १५ सेकंद उरले की लाइन बंद! म्हणजे हातात फक्त २५ सेकंद. आणि हे एका मॅचमध्ये साठेक वेळा करायचं. आपल्याला हॉटेलात डोसा की उत्तप्पा हे ठरवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता जरा या खुर्चीची कुंडली बघा. २०२२मध्ये तिथे शेन स्टायकन होता. टीम सुपर बोलपर्यंत गेली, फेब्रुवारी २०२३मध्ये कॅन्सस सिटीकडून ३८-३५ अशी हरली, तरी इंडियानापोलिसनं त्याला हेड कोच म्हणून उचललं. मग ब्रायन जॉन्सन. २०२३ची सुरुवात १० विजय, १ पराभव अशी झक्कास. नंतर शेवटच्या सहापैकी पाच मॅचेस गेल्या, प्लेऑफमध्ये टँपानं ३२-९ असं धुतलं आणि जॉन्सनला नारळ! २०२४मध्ये आला केलन मूर. सेक्वॉन बार्कली त्या सीझनला २००५ यार्ड धावला, ९ फेब्रुवारी २०२५ला न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सनी सुपर बोल ४०-२२ असा जिंकला. चौदा तारखेला, ऐन व्हॅलेंटाइन्स डेला, रस्त्यावर विजयाची मिरवणूक. आणि मूर? ज्या गावात कप जिंकला त्याच गावच्या टीमनं त्याला हेड कोच करून पळवला.

म्हणजे फंडा लक्षात आला ना? नापास झालात तर हाकलतात आणि पहिले आलात तर पळवतात. खुर्ची काही टिकत नाही.

मग आला केव्हिन पटुलो. बाहेरचा नव्हे, घरचाच माणूस, हेड कोच निक सिरियानीचा २०२१पासूनचा सहकारी. अकरापैकी दहा स्टार्टर तेच, त्यामुळे लोकांचा हिशोब सोपा होता: गाडी तयार आहे, बाबा रे, फक्त स्टिअरिंग धर. पण गाडी कुठे तशीच होती? समोरच्या टीम्सनी अभ्यास केला होता. लेन जॉन्सनसारखा भिंतीसारखा लाइनमन पाय दुखावून नोव्हेंबरात जो बाहेर बसला, तो परतलाच नाही. बार्कलीचा आकडा अकराशेच्या घरात आला. टीमनं तरीही डिव्हिजन जिंकलं. पण जानेवारी २०२६मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोनं आपल्याच मैदानावर २३-१९ असं हरवलं आणि पटुलोची खुर्ची गेली.

त्याआधी नोव्हेंबरात एक प्रकार घडला. शिकागोविरुद्धची मॅच हरल्यावर कुणीतरी पटुलोच्या घरावर अंडी फेकली. घरावर! जिथे त्याचं कुटुंब राहतं तिथे.

आईला फोनवर हे सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ‘‘तो खेळतो का गं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बॉल दुसऱ्यानं टाकला, पडला तिसऱ्याच्या हातून, आणि अंडी याला?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, २००७चा वर्ल्ड कप आठव. बांगलादेशाकडून हरलो तेव्हा धोनीच्या रांचीतल्या अर्धवट बांधलेल्या घराची लोकांनी मोडतोड केली होती ना?’’ आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘‘आणि चार वर्षांनी त्यालाच डोक्यावर घेतलं.’’ बरोब्बर! फॅन नावाचा प्राणी जगभर एकाच पिठाचा.

जानेवारी २०२६च्या शेवटी नव्या गड्याचं नाव जाहीर झालं. शॉन मॅनियन. वय ३३. आधी राखीव क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला, कोचिंगमध्ये येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, तीही ग्रीन बेमध्ये. स्वतः चाली पुकारण्याचा अनुभव शून्य. आमच्या ऑफिसच्या पॅण्ट्रीत त्या दिवशी अपेक्षांची यादीच निघाली. पास वाढव. नाही, बार्कलीला पळव. जेलन हर्ट्‌सला मोकळं सोड. छे छे, त्याला लगाम घाल! पहिली मॅच सप्टेंबरात आणि आमचे उतावळे नवरे जानेवारीतच गुडघ्याला बाशिंग बांधून तयार.

एरवी मीही यात हिरिरीनं पडले असते. पण त्याच आठवड्यात मलाही एक खुर्ची मिळाली होती. एका टीमची लीड! माझ्याआधीच्या लीडला कंपनीनं निरोप दिला होता. तिच्या टेबलावरचं मनी प्लँट तिथेच होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, ‘‘तू आलीस, आता सगळं मार्गी लागणार.’’ सगळे हसून माझ्याकडे बघत होते. माझ्या मात्र पोटात गोळा. कारण क्लायंट तोच, डेडलाइन त्याच, माणसं तीच, त्यातली दोन कमी झालेली. बदललेलं एकच, ते म्हणजे दारावरचं नाव!

आणि माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. एच-वन-बीवाल्यांना विचारा, नोकरी गेली की फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची किंवा बॅगा भरायच्या. अपेक्षेचं ओझं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं. अपेक्षा ठेवणाऱ्याचं काहीच जात नाही, हे तर फारच चटकन कळतं.

याचा अर्थ अपेक्षाच ठेवू नये असा नाही हं. महागडं तिकीट काढून थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला ओरडायचा पूर्ण हक्क आहे. मीही ओरडते, शेजारी साक्षीदार आहेत! फक्त अपेक्षा योग्य गोष्टीची हवी. पहिल्या मॅचपासून चाळीस पॉइंट मागू नका. हातात आहेत ती माणसं ओळखून चाली आखतो का, तेवढं बघा. एक चाल तीनदा फसली तर चौथ्यांदा हट्ट सोडतो का, ते बघा. आणि हर्ट्‌सचाही विचार करा की! चार वर्षांत चौथ्यांदा नवा मास्तर. आपल्याकडे दर वर्षी गणिताचा सर बदलला तर आईवडील शाळेवर मोर्चा नेतात.

मी माझ्या टीमला पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, ‘‘आधीच्या लीडचं काय चांगलं चाललं होतं?’’ आधी शांतता. मग एकानं सांगितलं, दुसऱ्यानं भर घातली आणि अर्ध्या तासात बोर्ड भरला. ती बाई कामात कमी नव्हतीच. ती कमी माणसांत जास्त काम ओढत होती. मी मोठ्या साहेबांकडे तो बोर्ड घेऊन गेले आणि दोन माणसं मागितली. एक मिळाला. दुसऱ्याचं बघू म्हणाले.

मॅनियनला असा बोर्ड कुणी भरून दिला की नाही, देव जाणे. माझं मात्र एक ठरलंय. नव्या माणसाला निदान थँक्सगिव्हिंगपर्यंत वेळ द्यायचा, मग तो हेडसेटवाला असो की आपल्या शेजारच्या क्युबिकलमधला. तोवर काय वाट्टेल ते ओरडा. पण बॉस, अंडी फ्रीजमध्येच राहू द्या. रविवारी सकाळी ऑम्लेटला लागतात.