बॅटरी फुल, भंडारदरा कूल!

ट्रेलर घेऊन भंडारदऱ्याला चाललोय म्हटलं की सगळे विचारतात, आत बेड किती, टॉयलेट आहे का, फोटो दाखव ना! बॅटरी कुठली, हे मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर दुसऱ्या रात्री मुक्काम करायचा की गाशा गुंडाळून पुणं गाठायचं, हे तीच ठरवते.

आमच्या बाबतीत तर तिसरा मेंबर येणार की नाही, हेसुद्धा बॅटरीवर होतं. माझ्या मित्राकडे गाडीमागे ओढायचा छोटासा ट्रेलर आहे. त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, वीजखात्यातून रिटायर झालेले. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्रभर सीपॅप मशीन लावून झोपतात. त्यामुळे लाइटचा भरवसा नाही अशा ठिकाणी मुक्काम बंद, गेली चार वर्षं! ट्रेलरमधल्या जुन्या बॅटऱ्यांवर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रायल घेतली, तर पहाटे तीनलाच मशीन गप्प. काकूंनी फर्मान काढलं, ‘‘बॅटरी बदला, नाहीतर हे कुठंही येणार नाहीत.’’

मग सुरू झालं शॉपिंग. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती एएचची देऊ?’ काका म्हणाले, ‘‘थांब, आधी खर्च लिही.’’ मशीनचं ह्युमिडिफायर बंद ठेवलं तर साधारण ४० वॉट, आठ तासांचे झाले ३२० वॉट-अवर. एलईडी दिव्यांचे ५०, मोबाइल-कॅमेऱ्याचे ८०. एका रात्रीचे ४५०, दोन रात्रींचे ९००. फ्रिजचा लाड यातून सरळ कट! पावसाळ्यात दोन दिवसांसाठी बर्फाचा डबा पुरतो.

आता पर्याय बघा. गाडीच्या बॉनेटखालची बॅटरी बाद, कारण ती स्टार्टर मारायला, काही सेकंद दणकून करंट द्यायला बनलेली असते. रात्रभर हळूहळू रिकामी केली की लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त आणि दणकट. पण ती उभीच ठेवावी लागते, पाणी टाकावं लागतं, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटातल्या वळणांवर अ‍ॅसिड हिंदकळतं. झोपायच्या जागेत ती नकोच. सीलबंद एजीएममध्ये पाण्याची कटकट नाही. मात्र लेड-अ‍ॅसिड कुठलीही असो, ती निम्म्याच्या खाली नेली नाही तरच टिकते. म्हणजे १०० एएचच्या दोन घेतल्या, तर हाताशी १२०० वॉट-अवर आणि वजन ६० किलोच्या आसपास!

लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची एकच बॅटरी साधारण १२ किलोची. तिच्यातली ८० टक्के वीज बिनधास्त वापरता येते, म्हणजे हजार वॉट-अवर. किंमत ऐकून मित्राचा चेहरा पडला होता. पण वर्षाला दहा-बारा ट्रिप्स करणाऱ्याला ती परवडते, कारण हजारो वेळा चार्ज होते. तुम्ही वर्षातून दोनदाच जाणार आणि दिवे तेवढे लावणार असाल, तर एजीएम झिंदाबाद!

पण खरा प्रश्न पुढेच आहे. ती भरणार कशी? नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) म्हणजे दोन टोकं. जामखेड-पाथर्डीकडे ऊनच ऊन, तिथं सोलर पॅनेल मस्त चालेल. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघरला मात्र ‘नगरचं चेरापुंजी’ म्हणतात. ऑगस्टमध्ये तिथं पॅनेल म्हणजे नुसती शोभा. म्हणून आम्ही गाडीच्या अल्टरनेटरवरून भरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं पाच तास चालवत आलो आणि बॅटरी फुल!

१९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या परिसरात परवानगीच्या जागी ट्रेलर लावला. जनरेटरची धडधड नाही, फक्त पाऊस. सकाळी काका फ्रेश! मग १२ किलोची ती बॅटरी उचलून चार्जरसकट डिकीत ठेवली आणि तलावाच्या कडेकडेनं घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी चक्कर मारली. दोन तास इंजिन चाललं, म्हणजे ४० एएच. काकांची आणखी एक रात्र पक्की!

घाटघरला धुक्यात काकांनी बोट दाखवलं. ‘‘ही बघ, नगरची सगळ्यात मोठी बॅटरी.’’ इथल्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असते तेव्हा खाली ठाणे जिल्ह्यातल्या चोंढ्याजवळचं पाणी पंपानं वर चढवतात आणि मागणी वाढली की कड्याच्या पोटातल्या वीजघरातून खाली सोडतात. २००८ पासून हेच चाललंय. चढवायला जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही, तरी हा उद्योग परवडतो, कारण वीज हवी त्या वेळी हाताशी असते. ‘‘बॅटरी वीज बनवत नाही रे, वेळ साधते,’’ काका म्हणाले. दुकानातल्या कुठल्याही स्टिकरवर हे लिहिलेलं नव्हतं.

बदलताना एवढं बघाच!

- नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी पास करू नका. रात्रभराचा खरा लोड टाकून ट्रायल घ्या, तीही घरीच.
- जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नका. बदलायची तर जोडीच बदला.
- लिथियम घेताना बीएमएस आहे ना आणि चार्जर तिला चालतो ना, हे विचारा. वॉरंटी लेखी घ्या.
- सीपॅप इन्व्हर्टरऐवजी कंपनीच्या डीसी अ‍ॅडॅप्टरवर चालवा, वीज वाचते. ह्युमिडिफायर बंद ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- जड बॅटऱ्या ट्रेलरच्या अ‍ॅक्सलजवळ, खाली आणि घट्ट बांधून ठेवा.
- जुनी बॅटरी भंगारात टाकू नका, दुकानदाराला परत द्या. शिशाचे पैसेही वळते होतात!