बेज सोफा आणि आजीची गोधडी

आमचं घर 'ट्रान्झिशनल' आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या लेखी ट्रान्झिशन म्हणजे एका प्रोजेक्टमधून सुटताना पुढच्या बकऱ्याला द्यायची केटी (इंजिनिअरिंगमध्ये लागायची ती नव्हे, हापिसातली). मग बाणेरला टू बीएचके घेतला, बायकोने इंटिरियरची मासिकं आणि पिंटरेस्ट पालथं घातलं आणि मला कळलं की घरांचीही अशी एक जात असते.

थोडक्यात सांगायचं तर पारंपरिक आणि आधुनिक यांच्या मधलं घर. सिंहाच्या पायांचा नक्षीदार सोफा नको आणि विमानतळाच्या लाउंजसारखं काच-स्टीलही नको. सोफा सरळ रेषांचा, पण हात जरासे गोलावलेले. रंग क्रीम, बेज, राखाडी, फार तर या दोघांच्या मधला 'ग्रेज' (हा खरंच रंग आहे, मी बनवलेला नाही). वस्तू मोजक्या, आणि प्रत्येकीभोवती मोकळी जागा. अशा घरात फर्निचर मुद्दाम गप्प बसतं आणि बोलायचं काम दिवे, उशा, गालिचा, फ्रेम, फुलदाणी हे लोक करतात. त्यामुळे सोफा ठरवायला आमचा एक विकांत गेला आणि त्यावरच्या उशांना चार.

तर असं हे घर लागलं, सगळ्यांनी येऊन 'हॉटेलसारखं झालंय हो' असं म्हटलं, आणि 2024च्या फेब्रुवारीत वाईहून आजी कायमची राहायला आली.

वाईचं घर बाबा-काकांनी मिळून विकलं. आजी ब्याऐंशी वर्षांची, तिथे एकटी राहणं आता जमणारं नव्हतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा शुगरमुळे लांबलेला. 'एका टेम्पोत मावेल तेवढंच घे' असं आम्ही सांगितलं होतं. तिने अर्धाच टेम्पो भरला. पितळी घंगाळ, समई, पानाचा डबा, झोपाळ्याची शिसवी फळी (कड्यांसकट) आणि एक ट्रंक भरून गोधड्या. आल्यावर तिने हॉलमध्ये उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "घर छान आहे रे, पण सगळं ताकात बुडवल्यासारखं दिसतंय."

आम्ही हसलो. पुढच्या आठवड्यात ती सोफ्यावर बसायला गेली आणि सोफ्याच्या कडेबाहेर, हवेत बसली. बायको शेजारीच होती, तिने दंड धरला म्हणून वाचलं. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. आजी स्वतः काही बोलली नाही. फक्त त्यानंतर चार दिवस ती हॉलमध्ये बसायलाच आली नाही, खोलीतच पलंगावर बसून राहायची. मला ते जास्त लागलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, थोडं वाचलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट आणि धुरकट होतं, बाहुली लहान राहते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यावर मोतीबिंदू असला की बारीक अक्षरं दिसण्याआधी एक वेगळीच गोष्ट जाते, ती म्हणजे कॉन्ट्रास्ट. एकमेकांना लागून असलेल्या दोन फिकट छटा वेगळ्या कळत नाहीत. बेज सोफा, त्याखाली क्रीम गालिचा, त्याखाली आयव्हरी टाइल! आमच्या डोळ्यांना जो 'टोन ऑन टोन' होता, तो आजीच्या डोळ्यांना एकच सपाट पांढुरका पडदा. सोफा कुठे संपतो हे तिला खरोखरच दिसत नव्हतं. निळ्या, हिरव्या, राखाडी छटा पिवळट भिंगातून आणखी मळकट होतात. लाल, केशरी, पिवळा हे मात्र बऱ्यापैकी टिकतात.

म्हणजे हळद आणि कुंकू. आजीच्या ट्रंकेत नेमके हेच रंग होते.

आता प्रश्न असा की घर वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेलं, फर्निचर नवंकोरं, ते बदलणं शक्य नाही आणि बायकोला (मलाही) ते आवडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोअर सिस्टीमला हात न लावता वरचा लेयर बदलायचा. तो लेयर म्हणजे त्या उशा, दिवे, फ्रेम. बायकोने एकच अट घातली, घराचं हॉस्पिटल करायचं नाही आणि म्युझियमही करायचं नाही. म्युझियम पुण्यात ऑलरेडी आहे. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास असल्याच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. तिथे प्रत्येक वस्तू काचेमागे आहे. आमच्याकडे प्रत्येकीला काम करावं लागणार होतं.

पहिली गोधडी. जुन्या नऊवारींचे थर, धावदोऱ्याने शिवलेले, लाल-पिवळे तुकडे. बायकोने एक लांबट घडी करून सोफ्याच्या बैठकीवर अशी टाकली की पुढच्या कडेवर लाल पट्टा यावा. बेजवर लाल, दारातून दिसतो. दिसायलाही झकास. पण आजी भडकली. "पाहुण्यांसमोर जुनेर टाकायचं? लोक काय म्हणतील, हिच्या नातवाला चादर मिळेना?"

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. आपल्याला जी 'हँडमेड टेक्स्टाइल' वाटते ती तिच्यासाठी टंचाईची खूण होती. साड्या फाटायच्या, पैसे नसायचे, म्हणून गोधड्या व्हायच्या. आतल्या खोलीत पांघरायच्या, बाहेर ओटीवर सतरंजी. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. बायकोने काही वाद घातला नाही. एका दुकानाच्या साइटवर अशाच गोधडीचा फोटो आणि किंमत दाखवली, साडेचार हजार. आजीने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "या फडक्यांचे?" मग म्हणाली, "टाके किती लांब लांब घातलेत बघ मेलीने." आणि आत जाऊन ट्रंकेतून बारीक टाक्यांची, तिच्या मते बाहेर दाखवण्यासारखी, दुसरी गोधडी काढून आणली. सध्या सोफ्यावर आहे ती हीच. पहिली परत ट्रंकेत गेली, ती काही बाहेर येणार नाही असं दिसतंय.

गालिचा उचलला. भदोहीचा हाताने विणलेला, बायकोने हौसेने घेतलेला, पण सैल गालिच्याच्या कडेत पाय अडकणं हे पडण्याचं अगदी हुकमी निमित्त. माळ्यावर टाकायला तिचं मन होईना, म्हणून डायनिंग टेबलामागच्या भिंतीवर टांगला. तिथे तो जमिनीपेक्षा बरा दिसतो, शिवाय हॉलमध्ये आवाज घुमायचा तो कमी झाला. काचेचं सेंटर टेबल मेहुण्याला दिलं. तो बॅचलर आहे, आदळून शिकेल.

भिंतीवर आधी वारलीची एक प्रिंट होती, क्रीमवर बेज. (असल्या वारलीला काय म्हणावं? चटणी नसलेला वडापाव.) मुळात वारली चित्र म्हणजे गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. लग्नाचा चौक बायका घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर काढत आल्या, अंधारात उठून दिसावं असाच तो रंग. जिव्या सोमा म्हशेंनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आम्ही डहाणूकडच्या एका कलाकाराकडून गेरूवर पांढरं असं चित्र घेतलं. फ्रेमचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर असावा असा एक प्रचलित नियम आहे, उभ्या माणसाच्या नजरेला धरून. आजी चार फूट दहा इंच आणि बहुतेक वेळ बसलेली. आम्ही मध्य 46 इंचांवर घेतला. उभ्याने आलेल्या पाहुण्यांना जरा वाकून पाहावं लागतं, लागू दे.

दिव्यांवर मात्र मी स्वतः बसलो, कारण इथे आकडे होते. घरात तीन प्रकारचे एलईडी निघाले. फॉल्स सीलिंगमध्ये 3000 केल्विन, किचनमध्ये 6500, पॅसेजमध्ये 4000. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब साधारण 2700चा असायचा आणि समईची ज्योत त्याहूनही खाली, 1900च्या आसपास. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उजेडाचा रंग आणि जोर असा उड्या मारत असेल तर म्हाताऱ्या डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दोन पावलं आंधळी पडतात. सगळीकडे 3000 करून टाकलं. उघडे स्पॉटलाइट काढले, कारण मोतीबिंदूत थेट दिवा डोळ्यात फुटतो, चांदणीसारखा. तिच्या खुर्चीमागे कापडी शेडचा उभा दिवा ठेवला, पोथीवर डाव्या खांद्यावरून उजेड पडेल असा. पॅसेजमध्ये जमिनीलगत सेन्सरवाले दोन मंद दिवे. सगळा खर्च मिळून एका बऱ्या डिनरपेक्षा थोडा जास्त.

स्विचबोर्ड क्रीम, भिंतही क्रीम. आजी भिंत चाचपडत जायची. बोर्डांभोवती विटकरी रंगाची चौकट रंगवून घेतली. आलेले लोक विचारतात हे कुठलं डिझाइन, आम्ही गंभीर चेहऱ्याने 'ॲक्सेंट' म्हणतो.

घंगाळाने आमची जरा परीक्षा घेतली. बायकोला ते हॉलच्या मधोमध, पाणी आणि झेंडूची फुलं घालून हवं होतं. दिसतं छानच, पण जमिनीवरची बुटकी वस्तू म्हणजे पुन्हा तेच, पायात येणार. शेवटी कंबरेएवढ्या उंच तिवईवर ठेवून हॉल आणि पॅसेजच्या वळणावर उभं केलं. चकचकीत पितळ, मागे फिकी भिंत. आजीसाठी तो आता मैलाचा दगड आहे. घंगाळ आलं की डावीकडे बाथरूम, उजवीकडे तिची खोली. जाता जाता कडीला हात लावते. पाणी दर रविवारी बदलतो, नाहीतर डासांची पैदास. पितळ चिंचेने घासायचं काम माझ्याकडे आहे. दुकानातल्या शोभेच्या पितळेवर लॅकरचा थर असतो, ते काळवंडत नाही, पण ते चिंचेने उजळतही नाही.

किचनचं फार नाही. पांढऱ्या बोनचायनाच्या ताटात दहीभात आजीला दिसायचा नाही, तिला वाटायचं संपला. आता विटकरी रंगाची मातीची ताटं. तांब्याचा हंडा तांबट आळीतून आणला, ठोके मारून मठारलेला. त्यात फक्त पाणी. ताक ओतायला मी निघालो होतो तेव्हा आजी ओरडली, "कळकेल!" कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट घातलं की धातू उतरतो, हे केमिस्ट्रीत मी शिकलो होतो. हा शब्द मात्र तिच्याकडून.

झोपाळा टांगला नाही. स्लॅबला हुक मारणं सोपं नाही आणि हलत्या बैठकीवर तिला आता बसवतही नाही. फळीला साडेसतरा इंचांचे पाय लावून दाराशी बाक केला, चपला घालताना टेकायला. फिक्या टाइलवर काळं शिसव, कड चुकायचा प्रश्न नाही. कड्या भिंतीवर टांगल्यात, त्यांना पिशव्या अडकवतो. आजी रोज संध्याकाळी पानाचा डबा घेऊन तिथे बसते आणि पाय हलवते. बाक हलत नाही. "कुरकुरत नाही मेला," म्हणते.

ती हॉलमध्ये कधीपासून परत बसायला लागली ते नेमकं सांगता येणार नाही. एका शनिवारी मी उठलो तर ती सोफ्यावर, गोधडीच्या लाल पट्ट्यावर हात फिरवत, बायकोला टाका कसा घालायचा ते सांगत होती. सुई ओवणं बायकोकडे, बोलणं हिच्याकडे.

बाथरूम अजून बाकी आहे. पांढऱ्या टाइल, पांढरा कमोड, पांढरं बेसिन, सगळं ताकच. आधाराचा दांडा बसवलाय, पण तो स्टीलचा आणि भिंतीत हरवतो, त्यावर रंगीत ग्रिप हवी. बादलीवरून वाद चालू आहे. आजीला लालभडक हवी, बायको म्हणते विटकरी घेऊ, बाकीच्या घराशी जाते. "आजी, विटकरी पण दिसेल तुम्हाला." "दिसेल गं, पण बादली ती बादली, लालच असते." उद्या बोहरी आळीत जायचंय, बघू.