फोंताइन्हासचीं दारें

दर्शनी दारास कोणता रंग द्यावा, या एका प्रश्नावरून अडीच वर्षांपूर्वीं आमच्या घरांत चार दिवस कोणी कोणाशीं धड बोलत नव्हतें. आतां हंसूं येतें. परंतु त्या वेळीं प्रकरण हंसण्यासारखें नव्हतें, आणि त्यांत दोष बव्हंशीं आमचाच होता, म्हणूनच तें लिहावयास बसलों आहों.

आमचें घर गुहागर तालुक्यांतलें. भिंती जांभ्या दगडाच्या, बाहेरून गिलावा नाहीं. वर मंगलोरी कौलें. पुढें पडवी आणि तिच्या आंत दोन फळ्यांचें सागवानी दार, वर गणेशपट्टी. पडवी अरुंद, त्यामुळें आषाढांतली झड थेट दारापर्यंत येते. आमचे वडील बंधू दरवर्षीं दिवाळी झाली कीं त्या दारास काजूच्या टरफलांचें तेल देत. हें तेल काळपट आणि मोठें जहाल. हातास लागलें तर कातडी सोलून निघते. म्हणून हातांना आधीं खोबरेल चोळून, काठीच्या टोंकास चिंधी बांधून तें लावावयाचें. वाळवी अशा लांकडाच्या वाटेस जात नाहीं. होड्यांना आणि जाळ्यांनाही पूर्वीं तेंच लावीत. बंधू निवर्तले, आणि पुढचीं दोन वर्षें दाराकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. लांकूड सुकून राखेच्या रंगाचें दिसूं लागलें, तेव्हां सर्वांस एकदम जाग आली.

पुतण्यानें मुंबईहून रंगांचीं पत्रकें आणलीं. त्याचें मत तपकिरी रंगास, कारण मळ दिसत नाहीं. सूनबाईंच्या मनांत निळा. आम्हीं चाळीस वर्षांच्या संवयीनें पुस्तक काढलें! वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दाराच्या मापाचा आणि द्वारवेधाचा, म्हणजे दारासमोर झाड, खांब, कोंपरा येऊं नये याचा, विचार केलेला आहे. परंतु आमची अडचण वेधाची नव्हती, रंगाची होती. प्रत्येकानें आपलें मत दोन-दोनदां सांगितलें. वहिनींस मात्र कोणींच कांहीं विचारलें नाहीं, आणि त्याही कांहीं बोलल्या नाहींत.

त्याच वर्षीं माघांत पणजीस एका आप्ताच्या मुलाचें लग्न निघालें. चिपळुणास गाडींत बसून करमळीस उतरलों. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, त्याआधीं याच प्रवासास एस. टी. मध्यें रात्रभर हाडें खिळखिळीं करून घ्यावीं लागत. हल्लींच्या मुलांना तें सांगून पटत नाहीं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही नातवास घेऊन फोंताइन्हास पाहावयास निघालों.

एका बाजूस आल्तिनोची टेकडी आणि दुसऱ्या बाजूस ओरेंची खाडी, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत हा भाग वसला आहे. नांवाचा अर्थ लहान झरे. टेकडीच्या पायथ्याशीं झरा आहे. पणजी १८४३ सालीं पोर्तुगीजांची राजधानी झाली. त्या अमदानीचा थाट इतका जवळून दिसणारी जागा शहरांत दुसरी क्वचितच असेल. गल्ल्या इतक्या अरुंद कीं समोरासमोरच्या घरांतल्या बायकांनीं खिडकींतून खिडकींत वाटी द्यावी. वरच्या मजल्यांना लोखंडी कठड्यांचे सज्जे. दाराशेजारीं निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घराचें नांव. कांहीं जुन्या खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांच्या पातळ चकत्या, ज्यांतून उजेड येतो पण ऊन येत नाहीं. कोंवळ्या उन्हांत एक भिंत पिवडीची, पुढची गेरूची, तिच्यापुढची निळीची, मग एखादी हिरवी. आणि गल्लीच्या टोंकाशीं सेंट सेबॅस्टियनचें कपेल तेवढें शुभ्र. पूर्वीं पांढरा रंग देवस्थानासाठींच राखून ठेवलेला असे, आणि पावसाळा सरला कीं प्रत्येक घरवाल्यास भिंतींना नवा रंग देणें भाग असे, असें तेथें सांगतात. १८१२ सालीं बंद झालेल्या धर्मन्यायालयाच्या वाड्यांतला क्रूस याच कपेलांत आहे. ज्या वस्तूसमोर माणसें थरथर कांपलीं असतील, ती आज एवढ्या शांत गल्लींत आहे, हें पाहून आम्ही क्षणभर थबकलों.

तेथून परततांना आम्हांस तें दार दिसलें. पिवळ्या भिंतींत गर्द हिरवें दार, पुढें दोन पायऱ्या, आणि पायऱ्या झाडणारी एक म्हातारी. इतकें प्रसन्न दार आम्हीं आयुष्यांत पाहिलें नव्हतें. नातवाकडून त्याचें छायाचित्र काढविलें आणि तेथेंच मनाशीं निकाल देऊन टाकला.

घरीं परतल्यावर आम्हीं कोणाचें ऐकून घेतलें नाहीं. चैत्रांत रंगारी बोलावला. दोन हात झाले, आणि पडवींतून अंगणांत उतरून मागें वळून पाहतों तों काळजांत धस्स झालें. जांभ्याच्या तांबड्या भिंतींत तें हिरवें दार पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखें दिसत होतें! एका शेजाऱ्यानें तर, “मास्तर, पंचायतीची कचेरी तुमच्याकडे आली कीं काय?” असें विचारलें. आम्ही हंसलों, पण मनांतून चरफडलों, आणि हट्टानें “संवय होईल” म्हणत राहिलों. आठ-दहा दिवसांनीं एक गोष्ट ध्यानांत आली. वहिनी दर्शनी दारानें येत-जात नव्हत्या. फुलांना जाणें असो कीं देवळांत, त्या परसदारानें जात. पंचेचाळीस वर्षांपूर्वीं ज्या उंबरठ्यावरचें माप ओलांडून त्या या घरांत आल्या, तो त्यांनीं वर्ज्य केला होता. कारण विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पावसाळ्यानें आमच्या हट्टाचें उरलेंसुरलें काम केलें. वर्षानुवर्षें तेल प्यालेल्या लांकडावर तेलरंग नीट धरत नाहीं. आंत दमट हवा शिरली, रंगास फोड आले, आणि श्रावणांत त्याचे पापुद्रे उंबरठ्यावर पडूं लागले. एके दुपारीं सूनबाईंनीं नातवाच्या मोबाइलमधलें तें छायाचित्र आमच्यापुढें धरलें.

“मामंजी, इथं दार भिंतीला कुठं लागलंय? मधे चार बोटं पांढरा पट्टा आहे.”

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. खरोखरच होता. चौकटीभोंवतीं चुन्याची पांढरी कड, आणि तिच्यापलीकडे पिवळी भिंत. मग नातवानें काढलेलीं सारीं छायाचित्रें पाहिलीं; बहुतेक प्रत्येक दारास, प्रत्येक खिडकीस ती कड होती. एवढे भडक रंग शेजारीं नांदत होते ते या पट्ट्याच्या जोरावर. अरुंद गल्लींत उजेड झेलून तो दारावर टाकणाराही तोच. दोन तास त्या गल्ल्यांतून हिंडून आम्हीं दार तेवढें पाहिलें. आमच्याकडे तर तांबडा दगड आणि हिरवी फळी एकमेकांस भिडलेली, मध्यें कोणी नाहीं.

त्या संध्याकाळीं आम्ही वहिनींकडे गेलों. त्या वाती वळीत होत्या. चुकलों, असें म्हणावयास आम्हांस बराच वेळ लागला. मास्तरकीच्या धंद्यांत त्या शब्दाचा सराव राहत नाहीं. वहिनी खालीं पाहूनच म्हणाल्या, “भावोजी, रंग वाईट नव्हता हो. पण दोन वर्षं दार सुकत होतं, ते मी रोज पाहत होते. तेलाची बरणी भरून ठेवून गेलेत हे. कोठींत आहे. मला कुणी विचारलंच नाहीं.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दिवाळी होतांच पुतण्या आला. सारा रंग खरवडण्यास पांच दिवस लागले. गणेशपट्टीवरच्या नक्षींतला तर बांबूच्या काडीनें काढावा लागला. खालचें लांकूड शाबूत होतें. वहिनींनीं सांगावें आणि पुतण्यानें काठी चालवावी, अशा रीतीनें आठ दिवसांच्या अंतरानें तेलाचे दोन हात दिले. फळ्या पुन्हां काळपट तांबूस दिसूं लागल्या. सूनबाईंनीं चौकटीभोंवतीं चार बोटें रुंद चुन्याचा पट्टा ओढला, तेव्हां तीच जुनी फळी पांच हात पुढें आल्यासारखी वाटली. त्यांचा निळाही वायां गेला नाहीं. परसदार त्यांनीं निळें केलें. तिकडे भिंतीस सफेदी आहे, त्यामुळें तें शोभतें, हें आम्हीं न विचारतां कबूल केलें. त्या दिवशीं तिन्हीसांजेस वहिनी दर्शनी दारानें बाहेर आल्या आणि तुळशीपुढें दिवा ठेवून त्याच दारानें आंत गेल्या.

पट्टा दर पावसाळ्यांत पुसट होतो. यंदा तो तिसऱ्यांदा काढावयाचा आहे. चुना कालपासून भिजत घातला आहे. बरणींतलें तेल मात्र तळास गेलें आहे, आणि नवें कोठें मिळेल याचा तपास पुतण्या करीत आहे.