नानांचं लिव्हरपूल

आमच्या आजोळी, खाडीकाठच्या घरात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. बिस्किटं कधीच संपलेली. माझ्या अम्मीच्या आठवणीतही त्यात बिस्किटं नव्हती, नानांची नल्ली होती. बोटीवर नोकरी करणाऱ्याला सरकारकडून जे पुस्तक मिळतं त्याला आमच्याकडे नल्ली म्हणतात. कोणत्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, काम कसं केलं, याची त्यात नोंद असते. नानी तो डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवायची आणि आम्हा मुलांना हात लावू द्यायची नाही.

नाना 'लिवरपूल' म्हणायचे. लंडनचं नाव त्यांच्या तोंडी क्वचितच यायचं, लिवरपूलचं रोज. तिथला पाऊस आपल्यासारखा धो धो नाही, तो नुसता हाडात शिरतो. गोदीची भिंत किल्ल्यासारखी उंच. आणि गोदीच्या कडेने, माणसांच्या डोक्यावरून, आगगाडी धावते. पाऊस आला की गोदी कामगार तिच्याखाली उभे राहतात. ही शेवटची गोष्ट आम्हाला सरळ थाप वाटायची. तेव्हा रत्नागिरीत जमिनीवरूनसुद्धा रेल्वे धावत नव्हती. माझा धाकटा भाऊ तर तोंडावर हसायचा. नाना रागवायचे नाहीत. "जाशील तेव्हा बघशील," एवढंच म्हणायचे.

तो हसणारा भाऊ आज मँचेस्टरला नोकरी करतो. २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले. तो मला लंडन दाखवायला निघाला होता. मी म्हटलं, आधी लिवरपूल.

मँचेस्टर ते लिव्हरपूल या दोन शहरांमधली रेल्वे १८३० साली सुरू झाली. दोन शहरांना जोडणारी, वाफेच्या इंजिनावर चालणारी जगातली ही पहिली रेल्वे. ती बांधण्यामागे मोठं कारण होतं कापूस. लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना लवकर हवा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईचा कापूस जहाजं भरभरून इकडे येऊ लागला. मुंबईत त्या चार वर्षांत काहींची घरं सोन्याने भरली आणि युद्ध संपताच कितीतरी पेढ्या बुडाल्या. इतिहासाच्या तासाला मी हे मुलांना शिकवते. त्या कापसाच्या वाटेवरून स्वतः जाताना मात्र मी खिडकीतून मेंढ्या मोजत होते, हे कबूल करते.

लिव्हरपूलला उतरल्यावर आम्ही आधी नदीकाठच्या शहर संग्रहालयात गेलो. पहिल्या मजल्यावर गेलो आणि भाऊ जागच्या जागी थांबला. समोर रेल्वेचा एक जुना डबा, उंच खांबांवर ठेवलेला. लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे. १८९३ मध्ये सुरू झाली, गोदीच्या कडेने सुमारे दहा किलोमीटर धावायची, विजेवर चालणारी जगातली पहिली उन्नत रेल्वे. लोखंड गंजलं, दुरुस्तीला पैसा नव्हता, म्हणून १९५६ च्या डिसेंबरअखेर बंद पडली. लोक तिला 'गोदी कामगारांची छत्री' म्हणायचे. त्या डब्यात चढता येतं. भाऊ आत जाऊन बाकावर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपा, नानांची माफी मागायची राहून गेली."

बाहेर आल्बर्ट डॉक आहे. १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याच्या हस्ते उघडलेली ही गोदी जेसी हार्टली नावाच्या अभियंत्याने बांधली, लोखंड, वीट आणि दगड वापरून. आग लागून माल जळू नये म्हणून लाकूड टाळलं. आता तिथे कॉफीची दुकानं आहेत आणि पर्यटक फोटो काढतात. त्याच आवारात गुलामगिरीच्या इतिहासाचं एक संग्रहालय २००७ मध्ये सुरू झालं. अठराव्या शतकात आफ्रिकेतून माणसं पकडून अमेरिकेला विकायला नेणारी जहाजं या बंदरातून सुटायची. शहराने आपलं पाप भिंतीवर लिहून ठेवलं होतं, आणि शाळेची मुलं रांगेने येऊन वाचत होती. मला ते आवडलं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात एवढा मोकळेपणा आला तर मास्तरांची नोकरी सोपी होईल की अवघड, कोण जाणे.

तिथून पियर हेडला आलो. हा बंदराचा दर्शनी भाग. तीन भव्य इमारती, समोर मर्सी नदी, पलीकडे जाणारी फेरी. आणि स्मारकं. टायटॅनिकच्या इंजिनखोलीत शेवटपर्यंत काम करत बुडालेल्यांसाठी एक उंच दगडी स्तंभ. दुसऱ्या महायुद्धात नौदलाबरोबर काम करताना मेलेल्या व्यापारी खलाशांसाठी एक, त्यावर सुमारे चौदाशे नावं. एका बाजूला एक छोटी पाटी चिनी खलाशांसाठीही आहे. युद्धात या शहराने चिनी खलाशी वापरले आणि १९४५-४६ मध्ये त्यांतल्या कित्येकांना गुपचूप बोटीत घालून परत पाठवलं. त्यांच्या इथल्या बायकांना आणि मुलांना वाटलं, बाप सोडून गेला. पाटी लागायला साठ वर्षं गेली, पण लागली.

मी आपल्यांची नावं शोधत होते.

वाचकहो, कोकणातल्या मुस्लिम घरांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर आजही सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं आहेत. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, त्याच्या हाताखाली टंडेल, मग खलाशी. सारंगच आपल्या गावातून, आपल्या नात्यातून माणसं भरती करायचा, म्हणून एका बोटीवर निम्मा गाव असायचा आणि बोट बुडाली की निम्मा गाव बुडायचा. डेकवर आमचे कोकणी, इंजिनखाली बहुधा पंजाबी आणि पठाण आगवाले, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती. इंग्रजांनी या सगळ्यांना एकच नाव दिलं, 'लस्कर'. उर्दू शिकवते म्हणून सांगते, हा आपला 'लश्कर' शब्द. सैन्याचं नाव दिलं, पण पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ठिकठिकाणच्या बंदरांत काम थांबवलं, कित्येकांना तुरुंगात टाकलं, पण पगार वाढवून घेतला. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा साधारण दर चार माणसांमागे एक हिंदी होता. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले.

त्यांतले एक आमचे मोठे नाना, नानांचे थोरले भाऊ.

बेचाळीस-त्रेचाळीसच्या सुमाराची गोष्ट. कागद इंग्रजीत आला. गावातल्या मास्तरांनी वाचून सांगितलं की पाणसुरुंगाच्या माऱ्याने बोट बुडाली आणि मोठे नाना तिच्यावर होते. बोटीच्या नावात 'सिटी' होतं एवढं घरच्यांच्या लक्षात राहिलं. आम्ही शाफई, तेव्हा जामा मशिदीत गायबाना जनाज्याची नमाज झाली. पण मोठ्या नानीच्या इद्दतीचा प्रश्न पडला. मौलवीसाहेबांनी कागदावरची तारीख पाहिली, बोटं मोजली आणि म्हणाले, इद्दत इंतकालाच्या दिवसापासून मोजतात. चार महिने दहा दिवस कधीच सरले, आता बसायची गरज नाही. मोठी नानी तेवीस-चोवीस वर्षांची होती. ती म्हणाली, सरले असतील, पण त्या दिवसांत मी बांगड्या घालून, ईदला नवी साडी नेसून फिरले. आणि कागद आला त्या दिवसापासून ती चार महिने दहा दिवस बसली. मौलवीसाहेबांनी पुन्हा काही म्हटलं नाही.

तो कागद पुढे वाळवीने खाल्ला. मोठी नानी माझ्या लहानपणापर्यंत जगली. तिची कबर गावात आहे, चाफ्याखाली. त्यांची नाही.

'सिटी' नावाच्या बोटी डझनाने होत्या. 'सिटी ऑफ बनारस' याच लिव्हरपूलहून सप्टेंबर १९४० मध्ये निघाली होती, कॅनडाला पाठवायची नव्वद मुलं घेऊन. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. सत्त्याहत्तर मुलं गेली. तिच्या एका होडीत सेहेचाळीस माणसं आठ दिवस तरंगत राहिली, त्यांत सहा मुलगे होते आणि बहुतेक बाकीचे आपले लस्कर. 'सिटी ऑफ कैरो' ऑक्टोबर १९४२ मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघाली, पोटात चांदीच्या रुपयांच्या दोन हजार पेट्या घेऊन. नोव्हेंबरमध्ये ती दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. एकशेचार माणसं गेली. २०११ मध्ये बोट पाच हजार मीटरहून जास्त खोल सापडली आणि दोन वर्षांनी त्यातली पुष्कळशी चांदी वर काढण्यात आली. भावाने हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा आम्ही नदीकडे तोंड करून बाकावर बसलो होतो. चांदी वर आली, हे वाक्य मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

मग त्याने युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाची यादी उघडली. मोठ्या नानांच्या नावाचे चौघे निघाले. कित्येक बोटींपुढे कंसात नोंदणीचं बंदर लिहिलेलं, लिव्हरपूल. पण लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं जे मोठं स्मारक आहे, ज्यावर दुसऱ्या महायुद्धातली जवळजवळ चोवीस हजार नावं आहेत, त्यावर हे नाहीत. हिंदी करारावर चढलेल्यांची नावं मुंबईत आणि चितगावला ठेवलेल्या पुस्तकात आहेत. मुंबईत कुठे? मस्जिद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये. मी सात हजार किलोमीटर दूर येऊन हे ऐकत होते. मस्जिद बंदरला मी दरवर्षी लग्नाच्या खरेदीला जाते. सुकामेवा तिथे स्वस्त मिळतो.

दुपारी ब्रूम टेरेसला गेलो. नाना नेहमी म्हणायचे, लिवरपूलला मशीद नाही, ईदची नमाज आम्ही डेकवर पढायचो. त्यांना ठाऊक नव्हतं की मशीद होती. याच शहरात १८५६ मध्ये जन्मलेले विल्यम क्विलियम नावाचे वकील मोरोक्कोला जाऊन आले आणि १८८७ मध्ये मुसलमान झाले, अब्दुल्ला क्विलियम. १८८९ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी या घरात मशीद उघडली आणि त्या दिवशी शहरातल्या गरिबांना जेवू घातलं. मुलांसाठी शाळा, अनाथांसाठी घर, 'क्रेसेंट' नावाचं साप्ताहिक, सगळं इथूनच चालायचं. बंदरात एखादा मुस्लिम खलाशी मेला तर त्याचा जनाजा ते पढवायचे. १९०८ मध्ये क्विलियम शहर सोडून गेले आणि सगळं मोडलं. इमारत नगरपालिकेकडे गेली आणि तिथे जन्म, मृत्यू आणि लग्नाची नोंदणी होऊ लागली. नाना यायचे त्या काळात त्या खोल्यांमध्ये शहरातल्या माणसांचे दाखले मिळायचे. २०१४ मध्ये तिथे पुन्हा नमाज सुरू झाली.

पांढरी, साधी घरांची रांग आहे, बाहेरून मशीद वाटत नाही. आतली खोली लहान. मी दोन रकात पढले. गोदीपासून अंतर फार नाही, पायी तासाभराच्या आत. पण नाना गोदीच्या भिंतीपासून दूर कधी गेलेच नाहीत. थंडी, भाषा आणि खिशातले पैसे, तिन्ही आड यायची. त्यांनी पाहिलेलं लिवरपूल म्हणजे भिंत, पाऊस आणि डोक्यावरची गाडी.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेले तेव्हा अम्मीला घेऊन मस्जिद बंदरला गेले. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची नावं तिथे धातूच्या फलकांवर कोरलेली आहेत, दोन हजारांहून जास्त. आमच्या युद्धातली नावं पुस्तकात. चारही नोंदी पाहिल्या. वडिलांचं नाव, गाव, काहीच नाही. दोघांच्या बोटीचं नाव 'सिटी'ने सुरू होतं. अम्मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत राहिली. मग म्हणाली, "फातिहा चौघांच्या नावाने पढू या. उरलेल्या तिघांचं कोणी इथवर आलं असेल नसेल."

ज्यांच्या घरी माळ्यावर, पेटीत, अशा एखाद्या डब्यात बोटीवाल्याचे जुने कागद असतील त्यांनी ते एकदा उन्हात काढून पाहावेत. बोटीचं नाव आणि तारीख एका वहीत उतरवून ठेवावी. आमच्या नानांची नल्ली शाबूत आहे. तिच्यात एक शिक्का लिव्हरपूलचा आहे, निळा, फिका झालेला. मोठ्या नानांची नल्ली त्यांच्याबरोबर गेली.